कपाळापर्यंतचं काम

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावर नवरीचं बाशिंग होतं आणि ते पालिकेच्या माणसाशी गटाराच्या झाकणावरून भांडत होते. साठी ओलांडलेला माणूस, झुपकेदार मिशा, अंगात बनियन, कमरेला लुंगी, आणि कपाळावर भेंडाच्या, म्हणजे तळ्यातल्या झाडाच्या हलक्या गाभ्याच्या, पांढऱ्याशुभ्र कळ्या, जरीचा कागद, मधोमध इवलासा आरसा. पालिकेचा माणूस हसू दाबत सगळं कबूल करत होता. झाकण दुसऱ्या दिवशी बसलं. ‘बाशिंग बांधून बोललं की लोक ऐकतात,’ असं अण्णा नंतर मला म्हणाले. ते गंमत करत होते की मनापासून बोलत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. बंगळूरच्या जुन्या पेटेतल्या, म्हणजे पेठेतल्या, एका गल्लीत खाली अण्णांचं बाशिंगांचं दुकान, दुकानामागे ते आणि त्यांची बायको राहायचे, आणि वरचा मजला त्यांनी आमच्या कंपनीला भाड्याने दिला होता. कंपनी हा शब्द आमच्या मालकांचा. मालक, मी, आणखी एक मुलगा, काही संगणक आणि सारखी कटणारी टेलिफोनची लाइन, एवढाच आमचा पसारा. दुकानदारांना इंटरनेटवर वेबसाइट करून द्यायची हा धंदा. वेबसाइट म्हणजे काय हे समजावण्यातच निम्मा दिवस जायचा, आणि समजल्यावर दुकानदार ‘बघू की’ म्हणून चहा पाजायचे.

अण्णांचं आणि माझं घराणं एकाच जातकुळीचं, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मी शाळा-कॉलेजात फिरून थोडी सुधारलेली मराठी बोलायचे. अण्णांना ती रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची. मला ते पुट्टी म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये छोटी. मी नोकरी करणारी बाई होते, पण त्यांच्या तोंडी ते शेवटपर्यंत पुट्टीच राहिलं, आणि मला ते आवडायचं.

बाशिंग तयार झालं की ते स्वतःच्या कपाळाला बांधून बघायचे. नवऱ्याचं असो की नवरीचं. बांधून आरशासमोर बसायचे, मान हलवायचे, खोकायचे, शिंकण्याचं सोंगसुद्धा करायचे. ‘टेबलावर सगळीच बाशिंगं चांगली दिसतात,’ असं त्यांचं म्हणणं. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ते सोडायचे नाहीत. तसेच उठून, तसेच भाव सांगायचे.

दुसरी खोड नावांची. वधूवरांची दोन्ही नावं कळल्याशिवाय ते भेंडाला सुरी लावत नसत. काम चालू असताना ती नावं ओठातल्या ओठात चालायची. घाईतलं गिऱ्हाईक म्हणायचं, नावं कशाला, तयार असेल ते द्या. अण्णा अजिबात न चिडता हात लांब करून दाखवायचे. ‘चिकपेटेत मोठं दुकान आहे. थर्मोकोलचं तयार मिळतंय. उजवीकडे वळा.’ एकदा एक वरमाय म्हणाली, मुलीचं नाव लग्नात बदलणार आहोत, कुठलं सांगू? अण्णा म्हणाले, ‘आईबापानं ठेवलेलं सांगा. सासरचं नाव बाशिंग उतरल्यावर.’

आणि इतक्या लग्नांना बाशिंग देणारा हा माणूस लग्नाला मात्र जायचा नाही. पत्रिका यायच्या, आग्रह व्हायचे. ‘माझं काम कपाळापर्यंत. जेवायला जाणारे दुसरे आहेत.’ मला वाटतं त्यांना गर्दीत लाजल्यासारखं व्हायचं, पण हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्या जरीचा कागद कापायच्या. नजर अधू झाली होती, गुडघे तर कामातूनच गेले होते, पण बोटांना सवय होती. अण्णा बोलणार आणि अक्का कापणार, असं त्या दुकानात चालायचं. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही बोलत नसत आणि आपणही विचारू नये असं त्यांच्याकडे बघून कळायचं.

घरावर काय संकट आहे ते मला अक्कांनीच जिन्यात सांगितलं. घर आणि दुकान दोघा भावांच्या नावावर. थोरले भाऊ होसकोट्याला, तिथल्या औद्योगिक वसाहतीत त्यांची प्लास्टिकच्या बादल्यांची शेड. ‘कागदाची फुलं चिकटवणं हा काय धंदा आहे?’ असं ते चार माणसांत बोलले होते, तेव्हापासून भावांचं बोलणं बंद. आता त्यांना ही जागा विकायची होती. पेटेत दुकानांच्या इमारती उठत होत्या, घेणारा दारात उभाच होता. नात्यातल्या एका म्हाताऱ्यांनी मध्ये पडून तोड काढली होती: या लग्नसराईत दुकान चालवून दाखवलं तर राहू द्यायचं, नाहीतर विकायचं. थोरल्यांनी तसा शब्द दिला होता आणि अण्णांनी तो मान्य केला होता.

‘आणि चाललं नाही तर?’ मी विचारलं.

‘मग कुठं जायचं म्हणून तेच काय की सुचंना झालंय बघ,’ अक्का म्हणाल्या. ‘त्यांना त्या भेंडाशिवाय काही येत नाही. मला त्यांच्याशिवाय.’

म्हणून मी अण्णांना वेबसाइटचं सुचवलं. मालक म्हणाले, घरमालक आहे, करून टाक. अण्णांना आधी पटेना. ‘घरात बसून कोण बाशिंग घेणार गं? कपाळ कुठं, दुकान कुठं?’ मी सांगितलं, आपल्याकडची किती माणसं अमेरिकेत, सिंगापुरात आहेत, तिथे लग्नं लागतात, आणि तिथे बाशिंग मिळत नाही.

‘मग ती लोकं काय बांधतात?’

‘काही नाही बांधत.’

‘काहीच नाही?’ अण्णांनी सुरी खाली ठेवली. दुकान वाचेल हा माझा मुद्दा त्यांच्या डोक्यात शिरलाच नव्हता. कुठेतरी लांब पोरंपोरी मोकळ्या कपाळाने उभी आहेत हे चित्र त्यांना सहन होईना. ‘सरी,’ ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. ‘करून सोड ते तुझं.’

मालकांचं तत्त्व होतं की छोट्या दुकानानं उठून दिसलं पाहिजे. म्हणजे त्यांच्या मते लुकलुकणारी अक्षरं, फिरणारा दिवा आणि किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. अण्णांनी आकडा पाहिला आणि काढायला लावला. दारात आलेली माणसं मोजू नयेत म्हणाले. अमावास्येला दुकान बंद असतं तर हेही बंद पाहिजे, म्हणून दर अमावास्येला मी ‘आज अमावास्या, कृपया उद्या यावे’ अशी पाटी चढवायची. अमेरिकेत अमावास्या कधी लागते यावरून आमचा चांगला तासभर वाद झाला होता. शेवटी बंगळूरची धरायची असं ठरलं.

तयार बाशिंगांचे फोटो लावू देईनात. तयार नसतंच, तर फोटो कसला? मग मी त्यांचाच फोटो लावला. मिशा, बनियन, कपाळावर नवरीचं बाशिंग, आणि चेहरा कोर्टात साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसाचा. खाली लिहिलं: आधी दोन्ही नावं कळवा, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत दोरा धरून कपाळाचं माप कळवा, मग काम सुरू होईल. मालकांनी कपाळाला हात लावला. पण त्या फोटोनेच काम केलं. लोकांनी तो हसत हसत एकमेकांना पाठवला आणि हसून झाल्यावर मागणी नोंदवली. लुकलुकणारे दिवे सगळ्यांच्याच साइटवर होते. असा माणूस एकाच ठिकाणी होता.

दुपारी जेवण झालं की अण्णा वर यायचे. मी ईमेलवर आलेली पत्रं वाचून मराठीत सांगायचे, ते उत्तर सांगायचे. नुसतं ‘मागणी मिळाली’ लिहिलेलं चालत नसे. ‘तिकडं थंडी आहे काय विचार. मुलीचे आईवडील असतात काय विचार. दारी आलेल्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही म्हणून आहे काय तुमच्या इंटरनेटात?’ मी चिडत चिडत टाइप करायचे. मग तिकडून लांबच लांब उत्तरं यायची. आजीच्या, गावच्या, राहून गेलेल्या गोष्टींच्या. अण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि खाली जाऊन ती नावं पुटपुटत कामाला बसायचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत कापूस घालून बाशिंगं रवाना व्हायची.

माघ-फाल्गुनात मागण्या वाढत गेल्या. वैशाखातल्या मुहूर्तांसाठी तर अण्णा पहाटे उठून बसू लागले. अक्का जिन्याशी येऊन मला हळूच म्हणाल्या, ‘वाचलं म्हणायचं गं घर.’ एवढं बोलून त्या हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

ऐन वैशाखात होसकोट्याहून फोन आला. थोरले भाऊ शेडमध्ये खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. फोन आमच्याकडेच यायचा, म्हणून अण्णांना मीच खाली जाऊन सांगितलं. त्यांच्या कपाळावर तेव्हा कुणाचं तरी अर्धं बाशिंग होतं. त्यांनी गाठ सोडली, ते नीट टेबलावर ठेवलं, त्यावर फडकं टाकलं, आणि सदरा घालून बसस्टँडकडे निघाले.

संध्याकाळी परतले ते ओल्या अंगानेच वाटतं, कारण अक्का पंचा घेऊन दारात उभ्या होत्या. मी वर कळफलकाशी बसले होते. जिन्याच्या पायरीशी उभं राहून त्यांनी मला हाक मारली. वर आले नाहीत. ‘पुट्टी, सुतक आहे. दुकान बंद. तुझं वरचंसुद्धा.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं. दहा दिवस. वैशाखातले सगळे चांगले मुहूर्त त्याच्यात नाहीतर त्याला लागून. मालक खाली उतरून गोड भाषेत सांगू लागले: तिकडच्यांना काय कळतंय, वेबसाइटला कसलं सुतक, आणि भाऊ तरी कुठे बोलत होते. अक्काही दारामागून म्हणाल्या, ‘त्यांनीच तर घर काढून घ्यायला बघितलं.’

‘बोलत नव्हता म्हणून भाऊ नव्हता काय?’ अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, ‘अण्णा, कुणाला कळवायचंच नाही. तुम्ही बांधा, मी पाठवते. ही सराई गेली तर घर जाईल.’

‘माहीत आहे की मला.’ ते शांतच होते, आणि त्यामुळे मला जास्त रडू यायला लागलं. ‘पण ते त्यांच्या कपाळावर बसणार गं. शुभ म्हणून बसणार. माझ्या हाताला सुतक आणि त्यांना ते माहीत नाही, असं कसं करू? तू सांग की.’

मी वर जाऊन बसले. अण्णांनी पायरीवर बसूनच मजकूर सांगितला, मी वरून टाइप केला. आमचे थोरले बंधू वारले. त्यामुळे दहा दिवस आमच्या हातून शुभकार्याचं काही होणार नाही. मग म्हणाले, ‘तो चांगला माणूस होता म्हणून घाल.’ मालक म्हणाले, धंद्याच्या पाटीवर असलं कुणी लिहितं का? अण्णा म्हणाले, ‘घाल गं.’ मी घातलं. आणि शेवटी ज्यांचे मुहूर्त जवळ आहेत त्यांच्यासाठी त्यांनी चिकपेटेतल्या त्या मोठ्या दुकानाचा पत्ता आणि फोन द्यायला लावला. ‘लग्नं त्यांची थांबणार नाहीत. मोकळ्या कपाळाने नको उभी राहायला. थर्मोकोल तर थर्मोकोल.’

उत्तरं आली. कुणी सांत्वन केलं. कुणी लिहिलं की आम्ही असलं काही मानत नाही, तुम्ही बिनधास्त करा. अण्णा म्हणाले, ‘ते मानत नसतील. मी मानतो.’ ते दहा दिवस ते अर्ध्या ओढलेल्या शटरखाली बसून असायचे. हाताला काम नव्हतं, पण बोटं आपली मांडीवर काहीतरी चिकटवत असायची. एकदा मी शेजारी जाऊन बसले, तर म्हणाले, लहानपणी मोठा भाऊ त्यांना खांद्यावर घेऊन तळ्यात भेंड काढायला उतरायचा, महादेवपुऱ्याच्या बाजूला. आता ते तळंही बुजवत आणलंय, तिथे काचेच्या इमारती होणार आहेत. एवढं सांगितलं आणि त्यांची बोटं पुन्हा मांडीवर चालू लागली.

अकराव्या दिवशी शटर वर गेलं. पण सराई ओसरली होती, आणि ज्यांना आम्ही चिकपेटेचा पत्ता दिला होता त्यांची चुलतभावंडं, मैत्रिणी, सगळी तिकडेच वळली. तिथे नाव विचारत नव्हते, माप मागत नव्हते, पाहिजे ते बाशिंग लगेच पाठवत होते. काही दिवसांनी त्या दुकानाचे मालक आमचाच जिना चढून आले. त्यांनाही वेबसाइट हवी होती. मी नाही म्हटलं, म्हणून आमच्या मालकांनी ती ऑफिसातल्या त्या दुसऱ्या मुलाकडून करून घेतली. अण्णांनी ती वर येऊन चष्मा लावून पाहिली. ‘नवरीचं बाशिंग नवऱ्याला बांधलंय फोटोत. सांग त्यांना. बघून पोरं तसंच बांधतील.’ चूक दुरुस्त झाली. मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता, अण्णांचासुद्धा.

थोरल्यांचे दोन्ही मुलगे आले. वाईट नव्हते, वाकून नमस्कार केला. काका, ठरल्याप्रमाणे दुकान काही चाललं नाही, म्हणाले. ते का चाललं नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या बापाचंच तर सुतक. त्यांनी स्वतः शेड चौथ्या दिवशी सुरू केली होती, कारण माल अडकला होता. मी मध्ये तोंड घालणार होते, पण अण्णांनी हातानेच मला थांबवलं.

‘शब्द त्याच्याशी दिला-घेतला होता,’ ते म्हणाले. ‘तो असता तर स्वल्प भांडून बघितलं असतं. आता कुणाशी भांडू?’ आणि सही केली.

आमची कंपनी दुसरीकडे गेली. अण्णा-अक्का आनेकलला एका खोलीत राहायला गेले, कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत. वेबसाइटवर मी ‘दुकान बंद आहे’ एवढंच लिहून ठेवलं. त्याहून जास्त काय लिहायचं ते मला सुचलं नाही. गल्लीतलं घर पाडताना मी त्या बाजूला गेले नाही.

वर्षाच्या आत थोरल्यांच्या मोठ्या मुलाचं लग्न उरकायचं ठरलं. पत्रिका आनेकलला आली. अक्कांचा मला निरोप: अण्णा जायचं म्हणतायत, सोबत जाशील काय? मला खरंच वाटेना. मी गेले तेव्हा अण्णा स्टोव्हच्या बाजूला जमिनीवर बसून बाशिंग बांधत होते. कुठून तरी भेंड मिळवलं होतं. अक्का खिडकीच्या उजेडात जरीचा कागद अगदी डोळ्यांना लावून कापत होत्या. अण्णा ओठातल्या ओठात पुतण्याचं आणि त्या मुलीचं नाव घेत होते. ‘घरचं कार्य आहे,’ मला म्हणाले, ‘त्याच्या बापाच्या वेळी आमच्या वडलांनी बांधलं होतं.’ इतकं नाजूक काम मी त्यांच्या हातूनही पूर्वी पाहिलं नव्हतं.

लग्न होसकोट्याच्या कल्याण मंटपात होतं. गुडघ्यांमुळे अक्का घरीच राहिल्या. बसमध्ये अण्णांच्या मांडीवर बाशिंगाचा डबा, त्यावर दोन्ही हात. आम्ही पोचलो तेव्हा नवरामुलगा नटून तयार होता आणि त्याच्या कपाळावर बाशिंग होतं. थर्मोकोलचं, चमचमणारं.

‘काका, तुम्ही आलात!’ तो खरोखर आनंदला होता. ‘लग्नाला येत नाही ना तुम्ही कधी. बाशिंग इंटरनेटवर बघून मागवलं, चिकपेटेहून. छान आहे ना?’

अण्णांनी डबा बगलेत सरकवला. ‘छान आहे,’ म्हणाले. मग पुढे होऊन म्हणाले, ‘स्वल्प डावीकडं गेलंय,’ आणि दोन्ही हातांनी ते त्याच्या कपाळावर नीट बसवलं, मागची गाठ सैल होती ती आवळली. मुलाने वाकून नमस्कार केला. आम्ही मागच्या रांगेत बसलो. अक्षता पडल्या, जेवण झालं. डबा शेवटपर्यंत उघडला गेला नाही. मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग बघायचं सोडून दिलं.

परतीच्या बसमध्ये आनेकल जवळ आल्यावर ते म्हणाले, ‘पुट्टी, तुझ्या पिशवीत हे बसतंय काय बघ.’

मी डबा पिशवीत घातला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘माझ्या लग्नासाठी ठेवते.’

‘हे नको,’ ते म्हणाले. ‘यात त्यांची नावं आहेत. तुझं वेगळं बांधीन की.’

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आम्ही अजून अंगणातच होतो, तर त्यांनी विचारलं, ‘बसलं काय हो कपाळावर नीट?’

‘बसलं.’

‘आणि जरीची नक्षी? मला शेवटी शेवटी रेघ दिसत नव्हती. कुणी काही म्हटलं काय?’

‘छान आहे म्हणून सांगितलं.’

अक्कांचा त्यांच्या एकट्याच्या शब्दावर विश्वास बसला नसावा. मी कुठे उभी आहे याचा अंदाज घेत त्यांनी मान वळवली. ‘तू बघितलीस ना गं पुट्टी? खरं सांग.’

पिशवी माझ्या खांद्याला होती. ‘बघितली अक्का,’ मी म्हटलं. ‘सगळे त्याच्याकडेच बघत होते.’

अक्का मनापासून हसल्या. अण्णा चपला काढायला खाली वाकले आणि बराच वेळ तसेच वाकलेले राहिले.